'ब्रंच' आणि 'चॉर्टल' यांना सामासिक शब्द म्हणावे काय?

प्रश्न:
इंग्रजी लेखक लुईस कॅरल यांच्या शब्दनिर्मितीवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी 'पोर्टमँटो शब्द' यासाठी 'जोडशब्द' लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'सामासिक शब्द' केले. मला दोन्ही पटत नाहीत. पोर्टमँटो म्हणजे मधोमध उघडणारी दोन कप्प्यांची प्रवासी पेटी. एका शब्दात दोन अर्थ भरलेले असतात म्हणून कॅरल यांच्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास' (१८७१) या पुस्तकातील हम्प्टी डम्प्टी हे पात्र ही उपमा देते. मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद १:
संपादकांचे बरोबर आहे. गाय बेरिंजर यांनी १८९५ साली रविवारी उशिरा उठणाऱ्यांसाठी 'ब्रंच' सुचवला, त्यात 'ब्रेकफास्ट' आणि 'लंच' दोन्ही आहेत. मग तो द्वंद्व समासच झाला. व्याकरणाची संज्ञा हाताशी असताना नवी कशाला घडवायची?

प्रतिसाद २:
मी असहमत आहे. 'मीठभाकर' या समासात दोन्ही पदे धडधाकट असतात, म्हणून त्याचा विग्रह होतो. कॅरल यांचा 'चॉर्टल' पाहा: 'चकल' म्हणजे मनाशी खुदखुदणे आणि 'स्नॉर्ट' म्हणजे नाकाने फुरफुरणे, पहिल्याचा आरंभ व शेवट राखून त्याच्या पोटात दुसऱ्याचा तुकडा बसवलेला आहे. येथे विग्रहाला अखंड पदच उरत नाही. 'पेटीशब्द' म्हणावे, फ्रेंच भाषकही अशा शब्दांना प्रवासी बॅगेवरूनच नाव देतात, कारण त्यांच्याकडे 'पोर्टमँटो' आता कोट अडकवण्याच्या खुंटीला म्हणतात.

प्रतिसाद ३:
मराठीने ही रीत केव्हाच आपलीशी केली आहे. लंडनच्या हवेबद्दल बोलताना डॉ. हेन्री डे व्हो यांनी १९०५ मध्ये 'स्मोक' आणि 'फॉग' यांचा 'स्मॉग' वापरला आणि तो रुळला. आमच्या भूगोलाच्या शिक्षकांनी त्याच धर्तीवर धूर आणि धुके मिळून 'धुरके' असे फळ्यावर लिहून दिले होते.

प्रतिसाद ४:
शिक्षकांविषयी आदर राखूनही ही व्युत्पत्ती मला शंकास्पद वाटते. चुलीच्या धुराने स्वयंपाकघर भरले की माझी आजी 'घर धुरकटलं' म्हणत असे, आणि तिने 'स्मॉग' हा शब्द कधी ऐकलाही नव्हता. 'धुरकट' मधला 'क' धुक्यातून आलेला नसेल, तर 'धुरके' मध्ये तरी तो धुक्याचाच कशावरून?

प्रतिसाद ३:
'धुरकट' हे विशेषण आहे. 'धुरके' या नामाचा शेवट 'धुके' याच्याशी तंतोतंत जुळतो आणि अर्थही दोहोंचा आहे. याहून अधिक पुरावा कोणता हवा?

प्रतिसाद ४:
स्मॉगचा शब्द म्हणून रूढ होण्याआधीचा 'धुरके' याचा एखादा छापील वापर मिळाला, तर माझे म्हणणे खरे ठरेल. कोणाकडे जुने शब्दकोश असल्यास कृपया पाहावे.