मदत हवी आहे : सागवानी कर्ण्याला पावसाळ्यात तडे गेले, आणि आवाजही नाकात येतोय

दांडियाबाजारवाला

मंडळी, नमस्कार. बडोद्याहून लिहितोय. सुतारकाम कळणारे आणि स्पीकरचा नाद असणारे, दोघांचीही मदत लागणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा, प्रश्न तिथे आहे.

बाबांकडे ७८ आरपीएमच्या दीडेकशे तबकड्या आहेत. फैयाजखाँसाहेब, हिराबाई, बरंच नाट्यसंगीत. त्यांच्या लहानपणी शेजारी भोंग्याचा फोनो होता. तेव्हापासून घरात कुठलाही स्पीकर आणला की त्यांचं एकच, "पेटीतला आवाज पेटीतच राहतो रे." गेल्या वर्षी मी वैतागून म्हटलं, ठीक आहे, कर्णाच करतो. एकच करायचा होता. तबकड्या मोनो, त्यामुळे जोडीची गरज नाही.

कर्ण्याच्या भिंतीचं वळण ट्रॅक्ट्रिक्स नावाच्या वक्राचं घेतलं, पॉल व्हॉइग्ट यांनी १९२०च्या दशकात लाउडस्पीकरसाठी वापरलं ते. हिशोब सोपा आहे : आवाजाचा वेग भागिले (२ × π × कटऑफ), म्हणजे तोंडाची त्रिज्या. कटऑफ म्हणजे ज्याच्या खाली कर्णा काम करत नाही ती पट्टी. ४०० हर्ट्झ धरले तर १३६.५ मिलिमीटर, म्हणजे तोंड २७.३ सेंटिमीटर रुंद. एक इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हरच्या (कर्ण्याच्या अरुंद टोकाला बसतो आणि आवाज काढतो तो भाग) घशापासून तोंडापर्यंत लांबी २८ सेंटिमीटरच्या किंचित वर येते. सागवानाचे १२-१२ तुकडे १५ अंशांत कापून रिंगा केल्या, प्रत्येक रिंग २५ मिलिमीटर जाड, अशा दहा. विटांच्या भिंतीसारखे सांधे एकाआड एक सरकवले.

आता इतकं मोठं काम कोण खरादणार? संखेड्याला गेलो. ज्यांनी तिथला झोपाळा किंवा बाजेचे रंगीत पाय पाहिलेत त्यांना सांगायला नको. लाकूड फिरवण्यात त्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. पण त्यांची सवय लांबट, बारीक कामाची. माझा नकाशा बघून खरादीकाका म्हणाले, "आ तो धतूरो छे!" खरंच धोत्र्याचं फूल दिसतं. त्यांनी पाच-पाच रिंगांचे दोन भाग वेगळे फिरवले, मग जोडून सलग केले. बाहेरून त्यांच्या पद्धतीनं फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून लाख चढवली, केवड्याच्या पानानं घोटली. आत मी फक्त तेलाचा हात मारला. जाताना काका म्हणाले होते, "लाकडाने बेसवा दो." मी काही बसू दिलं नाही, दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हर लावला.

आणि एक हौस. शेजारचं जुनं घर पाडलं तेव्हा सव्वा इंच जाडीची, सलग हातभर रुंद सागवानी फळी मिळाली होती. इतकी रुंद फळी आता बघायला मिळत नाही. तिचीच अखंड रिंग काढून कर्ण्याच्या तोंडाशी लावली, तुकड्यांचे सांधे समोरून दिसायला नकोत म्हणून. दिसायला काय सुंदर होती!

एप्रिलमध्ये काम झालं. ऑगस्टमध्ये एका रात्री 'टक्' असा आवाज आला. सकाळी बघतो तर दहाव्या रिंगेचे, म्हणजे फळीच्या लगेच मागच्या रिंगेचे, दोन सांधे उघडलेले. पोस्टकार्ड आत शिरतं. प्रश्न दोन : हा गमचा दोष की लाकडाचा, आणि कर्णा वाचेल का? दुसरं, तडे जाण्याआधीपासूनच आवाज नाकात येतो. हिराबाईंच्या 'आ'कारात पिपाणी मिसळल्यासारखी. ते लाकडामुळे का?

खटपट्या

सागवान तेलकट असतं, गम धरत नाही. चिकटवण्याआधी थिनरनं पुसलं होतं का? नसेल तर उत्तर तिथेच मिळालं. पुढच्या वेळी इपॉक्सी वापरा.

दांडियाबाजारवाला

पुसलं होतं. प्रत्येक सांधा, चिकटवायच्या अगदी आधी. बाकी १०८ सांधे ठणठणीत आहेत. दहावीचेही दहा धड आहेत. नेमके दोनच का गेले, तेच कळत नाहीये.

मांडवीकर

गाववाले, एक विचारू? फायबरचा तयार कर्णा मिळतो की बाजारात, वजनाला हलका, पावसात भिजला तरी ढिम्म. एवढा खटाटोप कशाला?

दांडियाबाजारवाला

मांडवीकर, तो मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर शोभतो. आमच्या दिवाणखान्यात आणला तर आई मला बाहेर झोपवेल.

लष्करकर

ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्या घरात दोन पिढ्या दारं-खिडक्यांचं काम झालं, त्यामुळे आवाजाचं मला विचारू नका, लाकडाचं सांगतो. आधी दोन गोष्टी कळवा. एक, त्या अखंड रिंगेत लाकडाच्या रेषा कशा जातात, उभ्या की आडव्या? दोन, तडे घड्याळाच्या कुठल्या आकड्यावर आहेत? जमल्यास तोंडाचा व्यास उभा आणि आडवा, दोन्ही मोजा.

दांडियाबाजारवाला

रेषा उभ्या. तडे बरोबर १२ आणि ६ वर. आताच मोजून आलो : उभा व्यास २७३ मिलिमीटर, आडवा २७६! एप्रिलमध्ये दोन्हीकडून २७३ होता, माझ्या वहीत नोंद आहे. तोंड लंबगोल झालंय आणि मला डोळ्यांना कळलंसुद्धा नाही.

लष्करकर

मग गमला शिव्या देऊ नका, त्यानं इमानानं काम केलंय. सगळा घोळ त्या सुंदर फळीचा आहे.

लाकूड रेषेच्या दिशेनं जवळजवळ हलतच नाही. रुंदीत मात्र फुगतं आणि आटतं. सागवान त्यातल्या त्यात शहाणं, तरी ओलावा एका टक्क्यानं वाढला की साध्या चिरलेल्या फळीची रुंदी साधारण ०.२ टक्का वाढते. तुमच्याकडचा एप्रिल म्हणजे कोरडा ठणठणीत. ऑगस्टपर्यंत लाकडात पाच-सहा टक्के ओलावा सहज वाढला असेल. म्हणजे रुंदीत एक-सव्वा टक्का, २७३ मिलिमीटरवर तीन मिलिमीटर. तुम्ही मोजलेत तेवढेच. फळी जुन्या घराची असली तरी हे चुकत नाही, शंभर वर्षांचं सागवानही पावसाळ्यात ओलावा घेतंच.

आता तुकड्यांच्या रिंगेचं बघा. तिथे प्रत्येक तुकड्याची रेष गोलाच्या कडेकडेनं धावते. म्हणजे परिघाच्या दिशेनं लाकूड हलतच नाही, रिंग गोलाची गोल राहते. तुम्ही गोल राहणाऱ्या रिंगेवर लंबगोल होणारी रिंग पक्की चिकटवलीत. फळी आडवी ताणायला लागली. तो ताण मागच्या रिंगेच्या डोक्यावर आणि तळाशी, म्हणजे १२ आणि ६ वर येणार. तिथे नेमके सांधे होते, ते सुटले. नसते सुटले तर फळी तरी फाटली असती.

त्यात बाहेरून लाख, आतून नुसतं तेल. आतल्या बाजूनं लाकूड ओलावा पितंय, बाहेरून तोंड बंद. दोन्हीकडून सारखंच पॉलिश हवं. पातळ चपडीचे (लाखेच्या पॉलिशचे) तीन-चार हात आतूनही मारा.

दुरुस्ती : फळीची रिंग खरादावरच कापून वेगळी करा. सांध्यावर पटाशी घालून उचकटू नका, दहावी रिंग सोलून निघेल. ताण गेला की फटी बऱ्याचशा आपणहून मिटतील. उरलेल्या फटीत त्याच सागवानाची कागदासारखी पातळ पाचर, रेष जुळवून, इपॉक्सीत. तोंडासाठी नवी रिंग तुकड्यांचीच करा, आणि १२ ऐवजी १६ तुकडे घ्या. मोठ्या व्यासाला तुकडे आखूड पडतात, लाकूड कमी वाया जातं. तुकड्यांची टोकं गम फार पितात. आधी पातळ केलेल्या गमचा एक हात, दहा मिनिटं थांबा, मग खरा गम.

आणि त्या खरादीकाकांचं ऐकायला हवं होतं बरं का!

छप्पनचा चहा

भिया, इंदूरहून आवाजाच्या बाजूचं सांगतो. लाकडावर आळ घेऊ नका. भिंत जाड असेल, टिचकी मारल्यावर 'टण्ण' न वाजता 'टक' वाजत असेल, तर सागवान काय आणि शिसम काय, कानाला फरक लागणं अवघड. फरक पडतो वळणाचा आणि घशाचा. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज वूफरला (खर्जाच्या स्पीकरला) आणि वरचा कर्ण्याला जातो तो टप्पा, किती हर्ट्झवर आहे? आणि ड्रायव्हर काढून घशात बोट फिरवा, पायरी लागते का?

दांडियाबाजारवाला

क्रॉसओव्हर ५०० वर. कर्णा ४०० चा आहे म्हणून वाटलं, शंभर हर्ट्झची जागा सोडली की पुरे. घशात पायरी आहे. ड्रायव्हरचं भोक २५.४, माझा घसा पॉलिशपेपर मारून मारून २९ झालाय. नखाला चांगली लागते.

छप्पनचा चहा

दोन्ही चोर सापडले.

कर्ण्याचा कटऑफ म्हणजे काही दरवाजा नव्हे, की ४०० च्या वर आलात आणि सगळं आलबेल. कटऑफच्या जवळ कर्णा ड्रायव्हरला नीट भार देत नाही, तोंडाकडून लाटा परत फिरतात आणि आवाज वरखाली होतो. तोच तुमचा नाकातला सूर. साधारण दुप्पट वर जा, ८०० करा. एक इंची ड्रायव्हरच्या जिवालाही तेच बरं. ५०० वर त्याचा पडदा गरजेपेक्षा जास्त नाचत होता.

पायरीसाठी घशात पातळ पितळी किंवा लाकडी बाही बसवा, आतून २५.४ पासून निमुळती सुरू होणारी. घशाशी लाट अगदी अरुंद जागेतून जाते, तिथली दोन मिलिमीटरची पायरी तोंडाकडच्या दोन सेंटिमीटरच्या चुकीपेक्षा जास्त बोचते.

शिवाय ड्रायव्हरचा पडदा वूफरच्या २८ सेंटिमीटर मागे. म्हणजे त्याचा आवाज सुमारे ०.८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तुमचा क्रॉसओव्हर डिजिटल असेल तर वूफरला तेवढा उशीर द्या. ड्रायव्हर थेट अ‍ॅम्पला जोडलाय का? मध्ये १०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर टाका. ८ ओहमला तो २०० हर्ट्झच्या आसपास पडतो, आवाजाला धक्का लागत नाही, आणि अ‍ॅम्प चालू करताना 'धप्' झालं तर पडदा वाचतो.

दांडियाबाजारवाला

तो 'धप्' एकदा होऊन गेलाय. पडदा नवा टाकला. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

८०० केलं, वूफरला उशीर दिला. पिपाणी निम्म्याहून कमी झाली! पायरीचं काम बाकी आहे. पण एक नवं लक्षात आलं. बाबा बसतात झोपाळ्यावर, आणि झोपाळा कर्ण्यासमोर आडवा झुलतो. एका टोकाला गेले की तंबोऱ्याच्या तारा झळकतात, दुसऱ्या टोकाला सगळं मऊ होतं. त्यांना वाटतं तबकडी खराब झाली.

छप्पनचा चहा

हा गोल ट्रॅक्ट्रिक्सचा स्वभावच आहे. जसजसं वरच्या पट्टीत जावं तसतसा झोत अरुंद होत जातो. ७८ च्या तबकड्यांत वरच्या पट्टीत फारसं नसतंच, म्हणून निभावतंय. एलपी लावलीत तर जास्त जाणवेल. कर्णा झोपाळ्यापासून लांब न्या, किंवा झोपाळा ९० अंशात फिरवा.

मांडवीकर

बडोद्याच्या घरात झोपाळ्याची दिशा बदलायची म्हणजे छताचे कडे बदलायचे. त्यापेक्षा बाबांना खुर्ची द्या.

दांडियाबाजारवाला

खुर्ची देऊन पाहिली. नाही चालली.

अपडेट. गेल्या रविवारी संखेड्याला जाऊन आलो. काकांनी आधी पाच मिनिटं बोलून घेतलं, मग फळीची रिंग पातळ छिन्नीनं फिरत्या खरादावर अलगद सोडवली. लष्करकर, तुमचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. रिंग सुटली त्याच क्षणी कर्ण्यातून 'चिर्र' आवाज आला आणि फटी आवळल्या. सकाळी पोस्टकार्ड शिरत होतं, संध्याकाळी पतंगाचा कागद शिरेना. तरी एका फटीत पाचर घातलीच, काकांनीच तासून दिली.

नव्या रिंगांचे पट्टे घरी पंख्याखाली ठेवलेत. दर रविवारी आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतो. पहिल्या रविवारी १,८४२ ग्रॅम, मग १,८१९, काल १,८११. दोन रविवार आकडा हलला नाही की कापायला घेईन. आई म्हणते, एवढी काळजी माझ्या लोणच्याची घेतलीस तर बरं.

तोवर एक गंमत झालीय. बाबांना धीर नाही, म्हणून बिनतोंडाचाच कर्णा जोडून दिला. दहाव्या रिंगेशी व्यास फक्त १७६ मिलिमीटर उरतो, म्हणजे कटऑफ ६२० च्या आसपास जाणार असं धरून क्रॉसओव्हर १,२०० वर नेला. बाबांनी खाँसाहेबांची एक बाजू पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "झालं की आता. परत कशाला काही चिकटवतोस?" मला विचाराल तर मधल्या पट्टीतला भरीवपणा गेलाय, पण ते ऐकायला तयार नाहीत. नवी रिंग त्यांच्या दुपारच्या झोपेत चढवावी लागणार.

लष्करकर, १६ तुकड्यांसाठी करवतीचा कोन सव्वाअकरा अंशच ना? आणि चपडी आतून मारताना ड्रायव्हरच्या स्क्रूची भोकं बुजवून घ्यायची की नंतर साफ करायची?

लष्करकर

सव्वाअकराच. आधी रद्दी लाकडाच्या १६ तुकड्यांची एक रिंग जुळवून बघा. पाव अंश चुकला तर ३२ कडा मिळून आठ अंशांची फट होते. भोकांत मेणबत्तीचं मेण भरा, नंतर स्क्रू फिरवला की आपसूक निघतं. आणि फळीची ती रिंग टाकू नका, आरशाची चौकट छान होईल. फक्त काच पक्की चिकटवू नका.