'इलेक्टेबल' उमेदवाराला मराठीत काय म्हणाल?

रामबागकर:
मंडळाच्या त्रैमासिकासाठी अमेरिकेतल्या निवडणुकांवरचा एक लेख मराठीत करतोय. २००४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांनी हॉवर्ड डीन यांना सोडून जॉन केरींना उमेदवारी का दिली, हा विषय. 'इलेक्टेबल', म्हणजे निवडणूक जिंकू शकेल असं वाटणारा, हा शब्द पानोपानी येतो. आधी 'निवडणूकक्षम' लिहिलं, तर आईने विचारलं, "म्हणजे निवडणूक लढवायचं वय झालेला का रे?" 'विजयक्षम' थोडा बरा, पण पोवाड्यातून उचलल्यासारखा वाटतो. घरात आम्ही सरळ 'जिताऊ' म्हणून मोकळे होतो, छापायला मात्र हात धजत नाही. सुचवा.

जेल रोडचे काका:
न धजायला काय झालं? टिकाऊ, लढाऊ, कमाऊ, विकाऊ, सगळे आपलेच की. अडचण प्रत्ययाची नाही, धातूची आहे. मराठीत जिंकतात, हिंदीत 'जीतते हैं'. तिकीटवाटपाच्या दिवसांत इथल्या हिंदी पेपरांत 'जिताऊ उम्मीदवार' रोज वाचून तो आपल्या तोंडात बसलाय. अंक इंदुरातच वाचला जाणार असेल तर खुशाल छाप. नाशिक-साताऱ्याला जाणार असेल तर नको. आणि एक, 'अमेरिकेचे राष्ट्रपती' लिहू नकोस, तीही हिंदी पेपरांची कृपा. मराठीत अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. राष्ट्रपती आपला, दिल्लीतला.

मूळ पुणेकर:
एवढं कशाला हवं? महाराष्ट्रात सगळे 'इलेक्टिव्ह मेरिट' म्हणतात. पेपरवाले म्हणतात, नेतेही म्हणतात. तेच ठेवा, लगेच कळेल.

लोकमान्यनगरवाली:
कळेल, पण भलतंच कळेल. 'इलेक्टिव्ह मेरिट' म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? उमेदवाराची जात, त्याचा पैसा, त्याचा कारखाना, गेल्या खेपेची मतं आणि बंद खोलीत हा हिशेब मांडणारे चार पुढारी. अमेरिकेत २००४ ला हिशेब मांडत होते ते पक्षाचे साधे मतदार. डीन इराक युद्धाच्या उघड विरोधात होते, कार्यकर्त्यांच्या मनातलं बोलत होते, इंटरनेटवरून वर्गणी जमवून २००३ मध्ये सगळ्यांच्या पुढे गेले होते. तरी जानेवारी २००४ मध्ये आयोवा राज्याच्या कॉकसमध्ये, म्हणजे उमेदवार ठरवायला भरणाऱ्या पक्षाच्या मतदारांच्या सभांमध्ये, ते तिसरे आले आणि केरी पहिले. कित्येकांनी आपल्याला कोण आवडतो हे बाजूला ठेवलं आणि पलीकडच्या घरातल्या काठावरच्या मतदाराला कोण चालेल याचा अदमास घेतला. केरी व्हिएतनाममध्ये लढून पदकं घेऊन आलेले. ऐन युद्धात त्यांना लेचापेचा कोण म्हणणार? नोव्हेंबरात निकाल लागला, राज्याराज्यांच्या इलेक्टोरल मतांत: रिपब्लिकन बुश २८६, केरी २५१.

म्हणजे हा उमेदवाराच्या अंगचा गुण नव्हेच. एकाने दुसऱ्याच्या मताबद्दल बांधलेली अटकळ आहे. 'क्षम' जोडलंत की ती अंगची शक्ती होते, जसा कार्यक्षम माणूस. अटकळ सांगायची तर मराठीत 'येईलसा' आहे. 'पाऊस येईलसं वाटतं' म्हणतो ना, तसाच 'निवडून येईलसा उमेदवार'.

जेल रोडचे काका:
वा, ताई! आणि गंमत बघा, उलट अर्थाचा शब्द तर तयारच आहे. 'पडेल उमेदवार' म्हणतोच की आपण! चेहरा पडेल तसा उमेदवारही पडेल, आणि भविष्यकाळही त्यातच आला.

अटकळ किती खरी, हे रेगनना विचारा. फार उजवे, वयाने ६९, हे कसले निवडून येतात, असं १९८० ला बरेच जण म्हणत होते. ४८९ विरुद्ध ४९ इलेक्टोरल मतांनी आले. आपल्या शहरातलंच घ्या. सुमित्राताई महाजन १९८५ ला विधानसभेला पडल्या. तेव्हा कोणी त्यांना 'जिताऊ' म्हटलं असतं का? १९८९ ला लोकसभेला त्यांनी प्रकाशचंद्र सेठींना हरवलं, जे मुख्यमंत्री आणि केंद्रात गृहमंत्री राहिलेले. तिथून पुढे २०१४ पर्यंत सलग आठ वेळा. चिपळूणची मुलगी, इंदूरची सून. आठव्या वेळेपर्यंत तर लोक म्हणायला लागले होते की इथे दगडाला शेंदूर फासून उभा केला तरी येईल. (हे ताईंबद्दल नाही, पक्षाबद्दल म्हणत. ताईंची माणसं रागावू नयेत.)

मूळ पुणेकर:
अटकळ फसते म्हणून तिला अर्थच नाही, असं नाही हं. १९७२ ला डेमोक्रॅट कार्यकर्त्यांनी मनापासून आवडलेले मॅकगव्हर्न उभे केले, ते एकच राज्य जिंकले, मॅसॅच्युसेट्स. राजधानीची तीन मतं वेगळी. रिपब्लिकनांचे गोल्डवॉटर १९६४ ला सहा राज्यांवर थांबले. मनातला माणूस उभा करून पक्ष भुईसपाट झाल्याची ही उदाहरणं.

लोकमान्यनगरवाली:
कबूल. त्या धड्यानंतरच डेमोक्रॅटिक पक्षाने १९८२ मध्ये उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनात पुढाऱ्यांसाठी वेगळी मतं राखून ठेवली, सुपरडेलिगेट म्हणतात ते. निवडून येईलसा कोण हे अनुभवी माणसांनाही ठरवू द्या, हा हेतू. २०१६ नंतर बराच वाद झाला आणि २०१८ ला पहिल्या फेरीतलं त्यांचं मत काढून घेतलं. पण १९६८ विसरू नका. तेव्हा डेमोक्रॅट पुढाऱ्यांनीच हंफ्रींना उमेदवारी दिली, त्यांनी प्रायमरी, म्हणजे उमेदवारीसाठीच्या राज्याराज्यांतल्या निवडणुका, लढवल्याही नव्हत्या. तेही पडलेच.

शारदा_वडोदरा:
मध्येच विचारते, आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीला हा शब्द लावता येईल का?

लोकमान्यनगरवाली:
फारसा नाही. आमदार-खासदारांच्या मतांचं मूल्य आधीच ठरलेलं असतं, बेरीज केली की चित्र दिसतं. १९६९ ला मात्र काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी पडले आणि इंदिराबाईंनी अंतरात्म्याच्या आवाजाची हाक दिली ते गिरी निवडून आले. तेव्हा बेरीजही फसली होती.

जेल रोडचे काका:
आणि २०२४ ला लोकसभेला आमच्या इंदुरात अटकळ करायलाच कोणी उरलं नाही. काँग्रेसच्या उमेदवाराने शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला, आणि नोटाला २ लाख १८ हजारांहून जास्त मतं पडली. त्या बटणाला काय म्हणायचं, निवडून न येईलसं?

रामबागकर:
काका, पुरे! विशेषणाचं ठरलं, 'येईलसा'. पण 'इलेक्टेबिलिटी'ला नाम लागेल ना? 'डीन यांची इलेक्टेबिलिटी कमी मानली गेली' हे वाक्य कसं करू?

लोकमान्यनगरवाली:
नाम काढूनच टाका. 'डीन निवडून येतील असं लोकांना वाटेना.' कुणाला वाटेना ते मात्र प्रत्येक वेळी लिहा, इंग्रजीत ते लपून राहतं.