ट्रान्सजेंडर व्यक्ती आरोग्य खात्यात मोठ्या पदावर असावी का? घरात वाद झालाय, मत हवंय

गोरेगावकर_मुलगी:
नमस्कार मंडळी, विषय सिरियस आहे, टाइमपास नको प्लीज. मी पब्लिक हेल्थचा कोर्स करतेय, त्यात डॉ. रेचल लेव्हिन यांच्याबद्दल वाचलं. मूळच्या लहान मुलांच्या डॉक्टर, मग अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या आरोग्य सचिव, आणि नंतर बायडननी त्यांना थेट केंद्रात असिस्टंट सेक्रेटरी फॉर हेल्थ केलं. मार्च २०२१ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजुरी दिली, उघडपणे ट्रान्सजेंडर असलेल्या व्यक्तीला सिनेटची मंजुरी मिळायची ती पहिलीच वेळ. रविवारी मामा आलेले, जेवताना मी हे सांगितलं आणि वाद सुरू. मामा म्हणतात डॉक्टर असेल हुशार, पण एवढ्या मोठ्या पदावर अशी व्यक्ती बसली की लोकांचा विश्वास बसत नाही, मुलांवरही परिणाम होतो. उद्या आपल्या महापालिकेत आरोग्य अधिकाऱ्याच्या खुर्चीवर कोणी तृतीयपंथी बसली तर चाळीतली माणसं तिचं ऐकतील का? माझं म्हणणं, डिग्री आणि काम बघा, बाकी काय करायचंय. हेल्थ लाइनमधले कोणी असाल तर सांगा ना.

दादरचे_काका:
बाळा, तुझ्या मामांचं सगळं मला पटत नाही पण एक बाजू मांडतो. व्यक्ती ट्रान्सजेंडर आहे म्हणून पद नाकारा असं मी म्हणणार नाही. पण अल्पवयीन मुलांच्या लिंगबदलाच्या उपचारांवर तिकडे मोठा वाद आहे, मंजुरीच्या सुनावणीतच सिनेटर रँड पॉल यांनी लेव्हिनना त्यावरून घेरलं होतं. आणि २०२४ मध्ये कोर्टात जे ईमेल बाहेर आले त्यात दिसलं की त्यांच्या ऑफिसच्या स्टाफने ट्रान्सजेंडर आरोग्यावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला सांगितलं होतं, या उपचारांच्या नव्या गाइडलाइनमधून किमान वयाची अट काढा. हे मला अजिबात आवडलं नाही. वैद्यकीय निर्णयात सरकारी ऑफिसने असं ढवळाढवळ करू नये.

डॉक्टर_मुलुंड:
काका, ईमेलवाली टीका रास्त आहे, मीही तीच करेन. पण तुम्ही टीका केलीत ती एका निर्णयावर, आणि अशी टीका कुठल्याही अधिकाऱ्यावर व्हायलाच हवी. कोविडमध्येही त्यांच्यावर झाली, हॉस्पिटलातून सुटलेले पेशंट नर्सिंग होमनी परत घ्यावेत असं राज्याचं धोरण होतं आणि त्याच काळात त्यांनी स्वतःच्या आईला केअर होममधून बाहेर हलवलं, लोक चिडले, त्यांनी जाब द्यायलाच हवा होता. पण त्याच सुमारास एका पत्रकाराने लाइव्ह प्रश्न विचारताना त्यांना पुन्हापुन्हा ‘सर’ म्हटलं, तिथल्या एका जत्रेत तर त्यांच्यासारखी वेशभूषा केलेल्या माणसाला पाण्यात पाडायचा खेळ ठेवला होता. याचा नर्सिंग होमशी काय संबंध? आणि नशेच्या ओव्हरडोसने माणसं मरत होती तेव्हा नॅलॉक्सोन हे ओव्हरडोस उतरवणारं औषध कोणालाही चिठ्ठीशिवाय केमिस्टकडे मिळावं अशी सोय त्यांनी राज्यात केली, ते कोणाच्या लक्षातही नाही. कामाचं मोजमाप कामानेच करा, एवढंच.

परळची_सिस्टर:
मी सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, मामांच्या ‘लोक ऐकतील का’ ला उत्तर देते. आमच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथे, जे पेशंट गोळ्या अर्धवट सोडून गायब होतात ना, त्यांना शोधून कोण आणतं माहितीये? आउटरीचच्या तृतीयपंथी ताया. संध्याकाळी स्टेशनबाहेर, वस्तीत, गुरूच्या घरी जाऊन बसतात, समजावतात आणि सकाळी हाताला धरून आणतात. डॉक्टरांचा फोन न उचलणारा पेशंट त्यांचं ऐकतो. पण मिळतं काय तर प्रोजेक्टचं तुटपुंजं मानधन, तेही उशिरा, आणि मीटिंगला मागच्या खुर्च्या.

आता वरच्या पदावर का हवं ते सांगते. एकदा नाइटला तापाने फणफणलेली एक तृतीयपंथी पेशंट आली. साडी नेसलेली, केस लांब, आणि केसपेपरवर ‘मेल’. मेल वॉर्डात दरवाजाजवळची कॉट दिली. पलीकडच्या पेशंटचे नातेवाईक मोबाइल काढून उभे, मी दोनदा ओरडले, मावशींनी स्क्रीन आणून लावला तर तो बेडपॅनसाठी दुसरीकडे हवा म्हणून नेला. अंगभर चादर घेऊन बसून होती ती, झोपलीच नाही. सकाळी राउंडच्या आधी डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेऊन, निघून गेली, सलाइन अर्धं शिल्लक. तिला कुठल्या वॉर्डात ठेवायचं हा निर्णय माझ्या हातात नाही हो, तो वर होतो, आणि वर बसलेल्यांपैकी कोणालाच त्या कॉटवर कधी झोपावं लागलेलं नाही. २०२३ ला जी.टी. हॉस्पिटलात ३० खाटांचा वेगळा वॉर्ड झाला ते फार बरं झालं, पण अख्ख्या मुंबईला तो पुरणार का?

वकील_काळाचौकी:
कायद्याचं थोडक्यात. तृतीयपंथींना तिसरं लिंग म्हणून मान्यता देणारा सुप्रीम कोर्टाचा नाल्सा निकाल एप्रिल २०१४ चा, त्यात आपल्या मुंबईच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंतही न्यायालयात गेल्या होत्या. मग २०१९ चा कायदा, त्याप्रमाणे भरती असो की प्रमोशन, भेदभाव करता येत नाही. तरी डिसेंबर २०२२ मध्ये पोलीस भरतीच्या फॉर्ममध्ये तिसरा पर्याय द्या म्हणून मुंबई हायकोर्टाला राज्य सरकारला खडसवावं लागलं. कागदावर हक्क आहे पण फॉर्मच भरता येत नाही, अशी गत.

डॉक्टर_मुलुंड:
आणि गोरेगाव, मामांना हैदराबादचं सांगा. डॉ. प्राची राठोड आणि डॉ. रूथ जॉन पॉल, २०२२ मध्ये उस्मानिया जनरल हॉस्पिटलात मेडिकल ऑफिसर म्हणून लागल्या, तेलंगणात सरकारी नोकरीतल्या पहिल्या ट्रान्सजेंडर डॉक्टर. डॉ. राठोडना त्याआधी एका खासगी हॉस्पिटलने काढलं होतं, पेशंट कमी होतील म्हणून. म्हणजे मामांचीच शंका, फक्त ती पेशंटना विचारून आलेली नव्हती, मॅनेजमेंटनेच परस्पर ठरवली.

गोरेगावकर_मुलगी:
सगळ्यांचे खूप आभार. सिस्टर, तुमचं वाचून आई रडली. मामांना धागा पाठवला, त्यांनी पूर्ण वाचला आणि म्हणाले, मेरिटवर आली तर आपली काही हरकत नाही, पण मग आरक्षण कशाला मागतात? कर्नाटकने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण दिलंय म्हणे.

परळची_सिस्टर:
मामांना विचार, मेरिट लिस्टपर्यंत पोचायला बारावी आणि नीट लागते ना? ज्या ताया पेशंट घेऊन येतात त्यातल्या बहुतेकींना शाळेतच एवढा त्रास झाला की दहावीच्या आत घर आणि शाळा दोन्ही सुटलं. एक जण माझ्यासमोर पेशंटचा सीडी-फोर रिपोर्ट (एचआयव्हीत प्रतिकारशक्ती किती उरलीय ते दाखवणारा) माझ्या आधी वाचते, औषधाचं नाव, डोस, साइड इफेक्ट सगळं पाठ, कुठली गोळी रात्रीच घ्यायची ते नवीन इंटर्नला तीच सांगते. तिच्या क्लासची फी कोणी भरली असती तर आज आमच्या ओपीडीत ती टेबलाच्या पलीकडे बसली असती. वरची खुर्ची नंतरची गोष्ट, मला आधी तिथे कोणीतरी बसलेलं बघायचंय.