वाळूच्या टेकड्यांवर ताफ्याने गाडी चालवली आहे? अनुभव लिहा

सोयाबीन घरात आलं, कापसाची पहिली वेचणी चालू आहे, तूर अजून फुलावर. लिहायला जरा उसंत आहे. तिकडे आखातात वाळूत गाड्या घालायचा हंगामही याच दिवसांत सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. आपल्या भागातली बरीच मंडळी तिकडे राहून आली, काही अजून तिथेच आहेत, आणि आता तर गावात फोर बाय फोर घेऊन जैसलमेर गाठणारी पोरंही निघाली आहेत. सगळ्यांनी लिहा. सूर्यास्त, उंट आणि फोटो सोडून लिहा. क्लबचं नाव नको. गाडी कुठे फसली, कोणी काढली, कशी काढली, हे पाहिजे.

माझा एकच प्रश्न : काळ्या मातीत तयार झालेला हात वाळूत चालतो का?

आर्णी, जि. यवतमाळ

नाही चालत.

पावसाळ्यात पांदणीतून गाडी काढताना टायरच्या खाचा मातीने भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. मग आपण ॲक्सिलरेटर दाबतो, चाक गरगर फिरतं, माती उडून खाचा मोकळ्या होतात आणि चाक खालच्या मुरमाला जाऊन पकडतं. आपली सगळी हुशारी त्या मुरमाच्या भरवशावर आहे. वाळूत खाली मुरूमच नाही. चाक जागेवर फिरलं की ते फक्त खड्डा खणतं. आणखी दाबलं की गाडीचं पोट वाळूवर टेकतं, वजन चाकांवरून उतरतं, आणि मग इंजिन कितीही ओरडो, गाडी हलत नाही.

मी शारजात गॅरेजला होतो. तेव्हा तिकडची सुट्टी शुक्रवारची. बाकी अमिरातीत शनिवार-रविवार 2022 पासून झाला. सकाळी अंधारात एका पेट्रोल पंपावर जमायचं, टाकी फुल करायची आणि अल मदामकडे निघायचं. हत्ता रस्त्यावरची लाल वाळूची मोठी टेकडी, जिला सगळे बिग रेड म्हणतात, ती तिथेच आहे, आणि म्लेहाचा फॉसिल रॉकही लांब नाही. ताफ्यात केरळचे, पाकिस्तानचे, फिलिपिनो, एक-दोन स्थानिक अरब. गाड्या पॅजेरो, पॅट्रोल, एफजे क्रूझर, लँड क्रूझर. डांबर सुटायच्या आधी पहिलं काम हवा काढायचं. 35 ची हवा 15 वर आणायची, जड गाडी असेल तर 12 पर्यंतही. टायर भाकरीसारखा पसरतो आणि लांबट होतो. तेवढंच वजन जास्त जागेवर वाटलं जातं म्हणून गाडी वाळूच्या वरून जाते. पण हवा कमी असताना स्टिअरिंग झटक्याने फिरवलं तर टायर रिममधून बाहेर येतो. तेव्हा जॅक लावायला खाली फळी लागते, नाहीतर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच वाळूत जातो. फळी नसलेल्या माणसाला आमचा म्होरक्या ताफ्यात घेतच नसे.

टेकडी कशी चढायची ते लिहितो, कारण व्हिडिओ पाहून पोरं उलटंच शिकतात. ज्या बाजूने वारा येतो ती बाजू लांब, कमी उताराची आणि दाबलेली. दुसरी बाजू वाळू घसरून बनलेली, 32 ते 34 अंशांची. कोरडी वाळू त्याहून उभी राहतच नाही. चढाला वेग पायथ्याशीच घ्यायचा. अर्ध्यात दाबून उपयोग नाही. नाक सरळ वर ठेवायचं आणि धार यायच्या जरा आधी पाय सोडायचा, म्हणजे गाडी धारेवर हळू येते आणि पलीकडे काय आहे ते दिसतं. नाही सोडला तर गाडी उडते. वेग कमी पडला तर तिथेच थांबून रिव्हर्सला आपल्याच चाकोरीतून सरळ खाली यायचं. चढावर गाडी आडवी फिरवली की ती लोळते. उतारावर मागचा भाग सरकायला लागला तर नाक खाली वळवून थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, ब्रेक नाही. हे हाताला पटायला फार वेळ लागतो. आपल्या घाटातल्या ड्रायव्हरचा पाय आधी ब्रेकवरच जातो.

फॉसिल रॉकच्या मागच्या अंगाला टेकड्यांच्या मध्ये खोलगे आहेत. एक नवा केरळी भाऊ पॅजेरो घेऊन त्यात उतरला आणि बाहेर येईना. दोर काढायला आमच्यातले तिघे धावले. म्होरक्याने त्यांना थांबवलं, बाकीच्या गाड्या कडक जागेवर नाक उताराला करून लावायला सांगितल्या, आणि स्वतः पायी खाली गेला. चाकांपुढची वाळू हाताने ओढून काढली, गाडी दोन-तीनदा मागेपुढे करून तळाची वाळू दाबून घेतली, मग त्याला खोलग्याच्या आत गोल फिरायला लावलं. प्रत्येक फेरीला थोडा वेग, थोडं वर. एका फेरीला कडेची उतरती जागा सापडली तिथून गाडी बाहेर. दोर लागलाच नाही. मले त्या दिवशी समजलं की ताफ्यात सगळ्यात कामाचा माणूस जो घाई करत नाही तो.

साकोली, जि. भंडारा

मी दुबई पाहलो नाही बापा, वैनगंगेची रेती पाहलो. धानाच्या बांदीत चिखलणीले आमी ट्रॅक्टरले केजव्हील, म्हणजे लोखंडी पिंजऱ्याचं चाक, लावतो, मागच्या टायरात पाणी भरतो, वजन पाह्यजे म्हणून. तोच ट्रॅक्टर नदीत रेतीवर नेला का फसते. आमचे म्हातारे ड्रायव्हर हवा काढत, ते कोणत्या क्लबात शिकले नव्हते. ट्रॅक्टर रेतीवर कायले नेला होता ते विचारू नका.

दर्यापूर, जि. अमरावती

आर्णीच्या भाऊंनी मुरूम नसल्याचं सांगितलं. मी त्याच्या उलट जागेचं सांगतो. अबुधाबीच्या दक्षिणेला लिवाकडे टेकड्यांच्या मध्ये सपाट पांढुरकी मैदानं लागतात, त्यांना सबखा म्हणतात. वर मिठाची कडक पापडी, खाली ओला गाळ. वाळूत तासभर हाल काढल्यावर अशी सपाट जागा दिसली की प्रत्येकाला वाटतं, आता गाडी पळवू. खारपाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाला वाटत नाही. पूर्णाकाठच्या आमच्या वावरात वरून भेगा पडलेली, सुकलेली दिसणारी जमीन आत किती ओल धरून असते ते आम्ही बंडीचं चाक बुडवून शिकलो आहोत.

आमच्या ताफ्यातली एक गाडी जुनी चाकोरी सोडून बाजूने निघाली. पापडी फुटली आणि ती दारापर्यंत खाली. इथे वाळूची कोणतीच युक्ती चालत नाही. हवा कमी करूनही नाही, कारण गाळ चाकाला धरून ठेवतो. दुसरी गाडी ओढायला जवळ नेली तर तीही जाते, म्हणून दोन दोर जोडून लांबून ओढावं लागलं. संध्याकाळ झाली. त्या दिवशी पुढची सगळी वाट रद्द झाली आणि कोणी कुरकुर केली नाही, हे मला विशेष वाटलं. एकाची गाडी फसली की ती सगळ्यांची फसली.

वरूड, जि. अमरावती

मी अबुधाबीत नोकरी करते, सध्या संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडणीला घरी आले आहे. काकांनी वाचून दाखवलं म्हणून लिहिते.

वरच्या सगळ्यांनी पुढच्या गाडीचं लिहिलं. मी शेवटच्या गाडीचं लिहिते, कारण गेली काही वर्षं ताफ्याच्या शेवटी मीच असते. नव्या लोकांना म्होरक्याच्या लगेच मागे ठेवतात, कारण तिथे वाळू अजून फार उकरलेली नसते आणि त्याची रेषा डोळ्यासमोर राहते. जुने मागे. सगळ्यांत मागे जो असतो त्याच्याकडे मोठा दोर, जास्तीचं पाणी आणि वॉकी-टॉकी. प्रत्येक ड्रायव्हरला नियम एकच : मागची गाडी आरशात दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली तर तू थांब. तू थांबलास की तुझ्या पुढचा थांबेल, आणि असा सगळा ताफा आपोआप थांबतो. टेकडीवर मात्र एका वेळी एकच गाडी. पुढची उतरून बाजूला झाली असं वॉकी-टॉकीवर ऐकल्याशिवाय मागच्याने चढायचं नाही. प्रत्येक गाडीला उंच काठीवर झेंडा असतो तो एवढ्यासाठीच; समोरून कोणी चढत असेल तर आधी झेंडा दिसतो.

मी गाडी शिकले बाबांच्या जुन्या जीपवर, संत्र्याच्या क्रेट भरून. क्लबमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा एकाने विचारलं, तुमचे मिस्टर कधी येणार. आता तो गृहस्थ माझ्या पुढे चालतो आणि मी त्याला वॉकी-टॉकीवर पाय सोडायला सांगते.

लिवाला एकदा रात्री मुक्काम होता. तिथला मोरीब टेकडा तीनशे मीटरच्या आसपास उंच सांगतात. हिवाळ्यात त्या भागात पहाटे दाट धुकं पडतं. सकाळी बॉनेटपुढचं दिसेना. एकाला दुपारी ड्यूटी होती, तो जीपीएसवर निघतो म्हणाला. म्होरक्याने त्याच्या गाडीची किल्ली मागून घेतली, खरंच खिशात टाकली आणि चहा ठेवला. वाद झाला, चांगला मोठा झाला. धुकं उठायला नऊ वाजून गेले. आमच्या पुढच्याच वळणाला वाऱ्याने रात्रीत धार सरकवलेली होती आणि जीपीएसवरची आदल्या दिवशीची रेषा थेट उभ्या बाजूवरून खाली जात होती. नकाशा बरोबर होता, टेकडी हलली होती.

दुपारी बाराच्या उन्हात चालवू नका. गरमीचं आपल्याला काय, आपण 45 चा उन्हाळा काढणारी माणसं. पण डोक्यावर ऊन असलं की सावली पडत नाही, आणि सावली नसली की चढ कुठला आणि खड्डा कुठला ते कळत नाही. सगळं एकसारखं दिसतं.

हिंगणघाट, जि. वर्धा

आम्ही काही मित्र थार आणि जिमनी घेऊन जैसलमेरला गेलो. आखाताच्या गोष्टी ऐकून गेलेल्यांची इथे फसगत होते. समच्या टेकड्या लहान आहेत आणि मोकळ्या वाळूचा पट्टा छोटा. बाकी सगळीकडे झुडपं : रुई, फोग, खिंप. त्यांची वाळलेली खोडं वाळूखाली दबलेली असतात. हवा कमी केलेल्या टायरची कड बाहेर फुगते आणि खोड नेमकं तिथेच लागतं. कडेचं पंक्चर निघत नाही, टायर बदलावा लागतो. तेव्हा तिथे 18 च्या खाली आम्ही हवा नेली नाही. पहाटे दवाने वाळू बसलेली असते तोवर फिरून घ्यायचं. सीमेकडे परवानगीशिवाय जाता येत नाही, त्यामुळे वाट आधी पक्की करावी लागते.

एक राग आहे तो काढून टाकतो. भाड्याच्या जीपवाल्यांनी मागे उभ्या प्रवाशांना, कडेवरच्या लेकरांसकट, पट्टा नसताना धारेवरून उडवताना पाहिलं. ना हवा काढलेली, ना पलीकडे कोण आहे ते पाहिलेलं.

वरोरा, जि. चंद्रपूर

नाराजी ओढवून घेतो. समच्या आसपास डेझर्ट नॅशनल पार्क आहे आणि तो माळढोकाचा शेवटचा मोठा आधार आहे. आमच्या वरोरा-भद्रावतीच्या माळांवर माळढोक असायचा, आमच्या वडिलांनी पाहिला. तो घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. तुम्ही झुडपांतून वाट काढता तेव्हा सेवण गवतही जातं आणि सांड्याची, म्हणजे काटेरी शेपटीच्या सरड्याची, बिळंही. आखातातल्या मोकळ्या वाळूचं मला माहीत नाही, पण थारच्या वाळवंटाला रिकामं समजू नका.

हिंगणघाट, जि. वर्धा

मान्य. आम्ही मळलेल्या चाकोऱ्या सोडल्या नाहीत, पण आमच्याबरोबरच्या दुसऱ्या ताफ्याने सोडल्या. सगळेच चाकोरीत राहतील म्हणणं खोटं ठरेल. मात्र बंदी घातली तर भाड्याच्या जीपा थांबतील का, हे वरोऱ्याच्या भाऊंनीच सांगावं.

अमरावती, फिजिओथेरपिस्ट

उडवण्याबद्दल. गाडी धारेवरून उडून नाकावर किंवा सपाट आपटली की आघात सरळ कण्यातून वर जातो, आणि छाती-कमरेच्या सांध्याजवळचा मणका दबून फुटू शकतो. पट्टा लावलेला असला तरी. माझ्याकडे असा एक तरुण व्यायामाला येत होता. गाडी उलटली नव्हती, कोणाला खरचटलंही नव्हतं. तो बरा झाला, पण बराच काळ पोतं उचलायची मनाई होती, आणि शेतकऱ्याच्या घरात त्याचा अर्थ तुम्हाला कळतो. गरोदर बाई, कमरेचं दुखणं असलेला, हाडं ठिसूळ झालेला म्हातारा, यांना मागच्या सीटवरही बसवू नका. गाडी आपटल्यावर कोणी पाठ दुखते म्हणाला तर त्याला ओढून बाहेर काढू नका, उभंही करू नका.

देऊळगाव राजा, जि. बुलढाणा

पोरगा दुबईला लागला आहे, जानेवारीत बोलावतो. त्याच्या मित्रांचा असा क्लब आहे. मी आयुष्यभर बोलेरो चालवली, मागच्या चाकाची. पहिल्याच दिवशी मला चालवायला देतील का? आणि जाताना इथून काय न्यावं?

आर्णी, जि. यवतमाळ

देतील, सपाट भागात. पण आधी एक दिवस बाजूच्या सीटवर बसा आणि चालवणाऱ्याच्या हाताकडे नाही, पायाकडे पाहा. इथून काही नेऊ नका, तिथे सगळं मिळतं. पोराच्या गाडीत काय आहे तेवढं पाहून घ्या : फावडं, फळी, हवेचा मीटर, पाणी, आणि पुढे-मागे दोर अडकवायला चेसिसला पक्का केलेला हूक. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोर कधीच लावू देऊ नका, ओढताना तो गोळा तुटून गोळीसारखा येतो आणि माणूस जातो. दोर ताणताना लांब उभं राहायचं, निदान दोराच्या दीडपट. आणि कॉम्प्रेसर बॅटरीला थेट जोडायचा घ्यायला सांगा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा चार टायर भरता भरता फ्यूज उडवतो, आणि मग 15 च्या हवेवर डांबरावरून घरी यावं लागतं.