'इंटरमेटॅलिक'ला मिश्रधातू म्हटलं तर काय बिघडलं?

उसळपाव: विज्ञान दिनाला आमच्या दादरच्या वाचनालयात मुलांसाठी फलक लावतोय. एक फलक कुलाब्याच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था): यिट्रियम, निकेल, बोरॉन, कार्बन यांच्या पदार्थात सुमारे १२ केल्विनला (म्हणजे उणे २६१ अंश सेल्सिअसला) सापडलेली अतिसंवाहकता, म्हणजे वीज अजिबात अडथळ्याविना वाहणं. 'इंटरमेटॅलिक कंपाउंड'ला मी सरळ 'मिश्रधातू' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'आंतरधातवीय संयुग' केलं. पाचवीतलं पोर हे वाचताना जीभ चावेल हो!

ठाकठीक: बाईंचं बरोबर आहे. मिश्रधातू म्हणजे भेळ, कांदा थोडा जास्त पडला तरी भेळच. संयुगात अणूंचं प्रमाण आणि जागा ठरलेली. एमआरआयच्या चुंबकातली तार नायोबियम-टायटॅनियमची, तो मिश्रधातू. तीन नायोबियममागे एक कथील, हे संयुग. १८ केल्विनपर्यंत अतिसंवाहक, पण इतकं ठिसूळ की त्याची तार ओढता येत नाही. म्हणून नायोबियम कांस्यात घालून आधी तार ओढतात, मग भट्टीत भाजतात. कथील कांस्यातून नायोबियममध्ये शिरतं आणि संयुग जागच्या जागी तयार होतं.

कुलाबा_१०३: गंमत सांगू? टीआयएफआरच्या १९९४च्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकात 'अलॉय' हाच शब्द आहे.

उसळपाव: घ्या! बाईंना दाखवतो.

शुद्धमती: शीर्षकात काहीही असो. मुळात बोरॉन आणि कार्बन धातू नाहीत, मग 'आंतरधातवीय' तरी कसं? आंतरजातीय लग्नात दोघांनाही जात असावी लागते. आणि कृपा करून 'धात्विक' लिहू नका, ते हिंदी.

फडताळ: 'धात्विक' हिंदी, 'धातवीय' संस्कृत. मराठी कुठाय?

उसळपाव: 'धातुसंयुग' चालेल?

ठाकठीक: मीठसुद्धा सोडियम धातूचं संयुगच की.

कुलाबा_१०३: शब्द राहू द्या, गोष्ट सांगा. यिट्रियमच्या जागी होल्मियम हे चुंबकीय मूलद्रव्य घातलं की पदार्थ ८ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो. ५ केल्विनजवळ होल्मियमचं चुंबकत्व शिस्तीत लागतं, तेव्हा अतिसंवाहकता डळमळते. आणखी गार केलं की पुन्हा सावरते. चुंबकत्व आणि अतिसंवाहकता म्हणजे एरवी साप-मुंगूस, इथे एकाच खोलीत भाड्याने राहतात. मुलांना हे आवडेल.

उसळपाव: हे घेतलंय. मी लिहिलंय, 'होल्मियमचे चुंबकीय क्षण रांगेत उभे राहतात.'

शुद्धमती: क्षण?? 'मॅग्नेटिक मोमेंट'मधला मोमेंट म्हणजे घटका-पळं नव्हेत, अणूतल्या चुंबकाचा जोर आणि दिशा. 'परिबल' म्हणा.

फडताळ: 'क्षण रांगेत उभे राहतात' ही कविता म्हणून ठेवा, फलकावर नको. बाकी जुन्या लेखांत 'नीच तापमान' असायचं, ते कुठे गेलं? पत्रिकेतला ग्रह नीचीचा असतो, तसं हेलियम ४.२ केल्विनला, द्रव होताना, नीचीचं.

शुद्धमती: आता 'निम्न' लिहितात. नीच शब्दाला माणसांनी बदनाम केलं.

फडताळ: कथलाचा विषय निघालाच आहे म्हणून. परळच्या आमच्या चाळीत कल्हईवाला यायचा. नवसागराचा धूर नाकात जायचा, कापसाचा बोळा फिरला की पातेलं चांदीसारखं. आता वाचतोय की कथील आणि तांबं जिथे भेटतात तिथे सहा तांब्यामागे पाच कथील असं संयुगच तयार होतं. म्हणजे आमच्या आईला इंटरमेटॅलिक ठाऊक होतं, फक्त 'कल्हई' या नावाने.

ठाकठीक: 'कल्हई' किल्ल्यावरून आलाय. तटबंदीसारखा थर.

शुद्धमती: ओढूनताणून. अरबी-फारसीत कथलालाच 'कलई' म्हणतात, तिथून आला. उलट 'कथील' मात्र संस्कृत 'कस्तीर'वरून, म्हणजे आपला.

कुलाबा_१०३: कस्तीर आणि कथलाचा ग्रीक शब्द 'कासितेरोस' शेजारी ठेवून बघा. मग 'आपला' कोण ते ठरवू.

उसळपाव: अहो, फलक उद्या छापायला जायचाय! मिश्रधातू की आंतरधातवीय?

फडताळ: मुंबईत कल्हई करून देणारं कुणी उरलंय का? आजीचं पितळी पातेलं पडून आहे.

ठाकठीक: भायखळ्याच्या बाजूला एक चाचा बसायचे. उद्या तिकडे जाणार आहे, बघून सांगतो.