मदत हवी आहे: 'डिसहार्टन'पुढे 'फ्रॉम' का चालत नाही?

नमस्कार मंडळी,

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळी दहावीच्या पोरांची इंग्रजी घेतो. 'वावरातला एक दिवस' असा निबंध दिला होता. एका पोरीनं फार नेमकं लिहिलंय. पऱ्हाटीचं हिरवं बोंड फोडलं तर आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडलेला. त्यापुढं लिहिते, 'माय फादर डिसहार्टन्ड.' आणि शेवटी, 'माय अंकल डिसहार्टन्ड मी फ्रॉम गोइंग टू अमरावती.' काका म्हणाले होते, "काय करा लागते तुले येवढं शिकून?"

पहिल्या वाक्यातली चूक मी समजावू शकतो. आपल्याकडे 'खचणे' आणि 'खचवणे' अशी जोडी आहे. डिसहार्टन म्हणजे खचवणे, म्हणून बाबा खचले तर 'वॉज डिसहार्टन्ड' हवं. दुसरं वाक्य खटकतं, पण कारण सांगता येत नाही. शब्दकोशात डिसहार्टन आणि डिसकरेज, दोन्हींपुढे 'नाउमेद करणे'च दिलंय. पोरीनं जीव ओतून लिहिलंय, नुसती लाल रेघ ओढून वही परत द्यायची नाही मला. डिमॉरलाइझ कुठं बसतं तेही सांगा.

प्रतिसाद:

सर, डिसकरेजचे अर्थ दोन. उमेद घालवणे, आणि एखाद्या गोष्टीपासून परावृत्त करणे. 'फ्रॉम' लागतो तो दुसऱ्या अर्थामुळे, आणि डिसहार्टनला तो अर्थच नाही. काकांनी जाऊ नको म्हणून सांगितलं असेल तर 'डिसकरेज्ड मी फ्रॉम गोइंग'. त्यांच्या बोलण्यानं मन खट्टू झालं, एवढंच म्हणायचं असेल तर 'हिज वर्ड्स डिसहार्टन्ड मी'. तिला नेमकं काय म्हणायचं होतं ते आधी तिलाच विचारा. डिसकरेज चांगल्या कामालाही चालतं, डॉक्टर तंबाखूपासून डिसकरेज करतात. तिथं 'नाउमेद' बसणार नाही.

बाबांचं वाक्य 'माय फादर वॉज डिसहार्टन्ड टू सी द बोलवर्म' असं करून द्या, छान होईल.

डिमॉरलाइझ म्हणजे आपलं खच्चीकरण. संघ, सैन्य, कर्मचारी अशा समूहाबद्दल जास्त येतं. नोआ वेबस्टरच्या १८२८ च्या शब्दकोशात त्याचा अर्थ नीतिभ्रष्ट करणे असा आहे, त्यामुळे जुन्या लिखाणात भेटलं तर जपून वाचा.