चार ग्रामपंचायती मिळून पुराची तयारी करायची आहे: सामान कोणाच्या नावावर, जबाबदारी कोणाची?

काठावरची सरपंच
११ मे २०२५

नमस्कार. मी वैनगंगेकाठच्या एका लहान गावची सरपंच. गावाचं नाव टाकत नाही, कारण खाली शेजारच्या गावांबद्दलही लिहिलं आहे आणि तिथले अर्धे लोक आमचे सोयरे आहेत.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी आमच्याकडे महापूर आला तेव्हा गावावर फारसा पाऊस नव्हताच. पाणी वरून आलं. मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, तिकडच्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं आणि इकडे गोसेखुर्द धरणाची तेहतीसच्या तेहतीस दारं उघडावी लागली. हलका धान गर्भात होता. संध्याकाळी पाणी आखरापर्यंत (गावाबाहेर ढोरं जमतात त्या जागेपर्यंत) होतं, रात्री दोन वाजता आमच्या ओसरीत. मी तेव्हा सरपंच नव्हते. लेकराला घेऊन जिल्हा परिषद शाळेच्या स्लॅबवर बसलेली एक बाई होते, एवढंच.

माझे सासरे स्लॅबवर यायला तयार नव्हते. दावणीला दोन बैल आणि एक गाभण गाय होती. पाणी छातीला लागलं तेव्हा त्यांनी विळ्यानं दावी कापली आणि मग ते वर आले. गाय आणि एक बैल तिसऱ्या दिवशी खालच्या गावाच्या शिवारात सापडले. दुसरा बैल सापडला नाही. लोक घर का सोडत नाहीत असं जो विचारतो त्याला मी हेच सांगते. माणसाला शाळा आहे, ढोरांना काय आहे?

सकाळी आमच्यापर्यंत सगळ्यात आधी पोहोचले ते ढिवर (मासेमार) मोहल्ल्यातले दोघं भाऊ, स्वतःच्या डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून. म्हातारे, बाळंतीण आणि लहान पोरं त्यांनी फेऱ्या मारून काढली. सरकारी बोट दुपारून आली. बोट एक आणि पाण्यातली गावं कितीतरी, त्यामुळे त्या पथकाला मी दोष देत नाही.

पण नंतर जे कळलं ते अजून मनातून जात नाही. दीड कोसावरच्या गावात पाणीपुरवठ्याचा चांगला जनरेटर होता. तो खोलीत बंद, आणि किल्ली ज्याच्याकडे तो पाहुणपणाला गेलेला. तिसऱ्या एका गावात चढावर मोठं समाजमंदिर आहे, त्याच्या बोअरवेलला पुराचं पाणी कधी लागत नाही. ते चारही दिवस रिकामं होतं. चौथ्या गावात टँकर होता. आणि नदीच्या पलीकडे सहा डोंगे आणि पट्टीचे पोहणारे. ते माझं माहेर. तिथून आमचं शाळेचं छत दिसतं, पण ते गाव दुसऱ्या जिल्ह्यात. भाऊ काठावर उभा राहून फोन लावत होता, आणि इकडे आमचा टॉवर बंद.

सामान सगळं होतं, पण प्रत्येक गावात एकेक तुकडा. म्हणून नदीच्या अलीकडच्या चार ग्रामपंचायतींनी (जमलं तर माहेरची पाचवी) जूनच्या आत लिखापढी करावी असं ठरवतो आहोत. आमच्या गावाने एक बोट आणि लाईफ जॅकेट घ्यावेत असाही विचार आहे.

अडचण अशी की ठरावात काय लिहायचं ते नीट कोणी सांगत नाही. चौघांनी पैसे टाकले तर वस्तू कोणाच्या नोंदवहीत चढवायची? आमचं इंजिन दुसऱ्या गावात बिघडलं तर दुरुस्ती कोणी करायची? आणि नदीपलीकडून मदत घ्यायला कोणाची परवानगी लागते का? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सांगा. भाषणातलं उत्तर नको, कागदावर उतरवता येईल असं पाहिजे.

निवृत्त ग्रामसेवक
११ मे २०२५

ताई, नोकरीत असताना अशा ठरावांचे मसुदे मी लिहिले आहेत, म्हणून क्रमानं सांगतो.

ग्रामपंचायत अधिनियमात दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांनी सामाईक कामासाठी संयुक्त समिती नेमण्याची तरतूद आहे. म्हणजे तुम्ही काही वेगळं करत नाही. चारही मासिक सभांमध्ये एकाच मजकुराचा ठराव घ्या, शब्दही बदलू नका. एकानं "देऊ" आणि दुसऱ्यानं "शक्य असल्यास देऊ" असं लिहिलं की ऐन वेळी त्याच शब्दावर गाडी अडते.

सामाईक मालकी मात्र टाळा. चौघांनी पैसे घालून एकच वस्तू घेतली की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि चार वर्षांनी ती कोणाचीच उरत नाही. एक वस्तू एका ग्रामपंचायतीची, तिच्याच जडवस्तू संग्रह नोंदवहीत (टिकाऊ सामानाच्या वहीत). तुम्ही बोट घ्या, दुसऱ्यांनी जनरेटर सांभाळावा, तिसऱ्यांनी ताडपत्र्या आणि दोर. वापर सगळ्यांचा. करारात हे स्पष्ट करा: जो नेईल त्याचं डिझेल, वापरात मोडलं तर नेणाऱ्याची दुरुस्ती, जुनेपणानं बिघडलं तर मालकाची. परत देण्याची मुदत लिहा. सुपूर्द करताना दोन्हीकडची सही आणि इंजिनाचा फोटो घ्या.

पैसा: पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, म्हणजे बंधित, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे. खरेदी अबंधितमधून बसवा, पण विकास आराखड्यात काम नसेल तर आधी पुरवणी आराखड्यात घ्या. पुरानंतर विहिरी उपसणं, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं ही पाण्याचीच कामं आहेत, ती बंधित भागातून करता येतील.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चं कलम ४१ सभेत मोठ्यानं वाचून दाखवा. साधनसामग्री तात्काळ वापरता येईल अशी ठेवणं हे स्थानिक संस्थेचं काम आहे असं त्यात आहे आणि पंचायत राज संस्थाही त्यात येतात. "हे काम तहसीलचं" म्हणणाऱ्या सदस्याला तेवढं उत्तर पुरतं. कलम ६५ खाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण बचावासाठी कोणाचीही साधनं, वाहनं ताब्यात घेऊ शकतं आणि त्याचा मोबदला देण्याची तरतूद पुढच्याच कलमात आहे. त्यामुळे तुमची बोट कदाचित कराराबाहेरच्याच गावाला जाईल, हे करार करताना धरून चाला.

अजून एक. जीव वाचवायला भाड्यानं घेतलेल्या बोटींचा खर्च राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत बसतो. डोंगेवाल्यांच्या फेऱ्या कोणी तरी वहीत लिहिल्या पाहिजेत: तारीख, वेळ, कुठून कुठे, किती माणसं. नोंद नसली की पैसे मिळत नाहीत आणि पुढच्या पुरात त्या माणसाला हाक मारताना आपलीच मान खाली जाते.

पूसकाठचा शेतकरी
१२ मे २०२५

ताई, राग मानू नका, पण बोटीच्या मागं लागू नका. तुमची नदी मोठी, पाणी चार दिवस राह्यते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात नाल्याचं पाणी दोन तासात येते न दोन तासात जाते. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोकं अडकले तं हवाई दलाचं हेलिकॉप्टर बोलवा लागलं. अशा धारेत गावच्या पोरायनं बोट घातली तं बोटीसकट जाईन. न अकरा महिने उभी राह्यलेली इंजिनाची बोट बाराव्या महिन्यात सुरू होते याची खात्री कोण देईन?

आमच्या तीन गावाचं सांगतो. आमचं संकट आगीचं. होळीपासून मे पर्यंत कुटाराच्या (ढोराच्या चाऱ्याच्या) गंजी पेटते, कधी गोठा. शहरातला बंब येईपर्यंत राख होते. मंग आमी एका गावच्या टँकरले डिझेल इंजिन न पाईप बसवला. नियम एकच केला: फेब्रुवारी ते मे टँकर रातच्याले भरून उभा पायजे. पह्यल्या साली एका गावानं तो लग्नाले नेला, रिकामा आणून लावला, न त्याच रात्री दुसऱ्या गावात दोन गंजी जयल्या. भांडण झालं, सहा महिने बोलणं बंद. तवापासून चौकातल्या दुकानात वही ठेवली. कोणी नेला, किती वाजता, भरून आणला का. दुकानदार लिहिते. पाच वर्षं झाले, ते वही चालू हाये.

म्हणून सांगतो, जे गोष्ट बाराही महिने वापरात हाये तेच वाटून घ्या. टँकर, जनरेटर, ट्रॅक्टर. ते चालू असते न चालवणारा माणूसबी तयार असते.

आपदा मित्र, भंडारा
१२ मे २०२५

पूसकाठच्या दादांचं इंजिनाबद्दल पटतं, बोट नकोच हे पटत नाही. वैनगंगेचं पाणी शेतात पसरतं आणि थांबून राहतं, तिथे बोट चालते. मी आपदा मित्र या सरकारी स्वयंसेवक योजनेचं बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आहे, त्यातून सांगते.

आधी जॅकेट आणि दोर, मग बोट. ढिवर बांधव नदी माझ्यापेक्षा शंभर पटीनं ओळखतात, पण तेही जॅकेटशिवाय जातात आणि वाहत्या झाडाची फांदी लागली की डोंगा पलटतो. प्रत्येक डोंग्यामागे चार जॅकेट त्यांच्याच घरी ठेवा, ग्रामपंचायतीच्या कपाटात नको. अंधारात डोंगा काढायचा नाही हेही करारात टाका. नाही तर लोक गळ घालतात आणि डोंगेवाल्याला नाही म्हणता येत नाही.

गावागावांत सामानाआधी माणसांची यादी वाटा. कोणाकडे बाळंतीण आहे, कोण डायलिसिसला जातं, कोण अंथरुणाला खिळलेलं आहे. आशाताईंकडे हे सगळं असतं, फक्त शेजारच्या गावाला ते माहीत नसतं.

आणि मोबाईलवर विसंबू नका. वीज गेली की काही तासांत टॉवर जातो, तुमच्या भावाचं तेच झालं. देवळाच्या भोंग्याला बॅटरी लावा. पुलाच्या खांबावर रंगाचे पट्टे मारा आणि वरच्या गावानं कोणत्या पट्ट्याला खालच्या गावाला माणूस पाठवायचा ते ठरवा. कागद जिल्हा नियंत्रण कक्षात द्या, १०७७ वर फोन घेणाऱ्याच्या टेबलावर तुमच्या पाच गावांची यादी असली पाहिजे.

काठावरची सरपंच
१३ मे २०२५

तिघांचे मनापासून आभार. वहीची गोष्ट मी काल रात्रीच सदस्यांना वाचून दाखवली.

निवृत्त काका, पलीकडच्या गावाचं राहिलं. तिथली ग्रामपंचायत दुसऱ्या जिल्ह्याची आहे. आमच्यात रोटीबेटीचा व्यवहार आहे, पण कागदात नदी आडवी येते. काय करावं?

निवृत्त ग्रामसेवक
१३ मे २०२५

बुडणाऱ्याला काढायला जाणाऱ्या डोंग्याला परवानगी लागत नाही, हे आधी दोन्हीकडच्या लोकांच्या मनात पक्कं करा. कागद लागतो तो नंतरच्या नोंदीसाठी आणि पथकांच्या सोयीसाठी. त्यांच्या ग्रामपंचायतीनं स्वतंत्र ठराव घ्यावा, तुमच्यानं स्वतंत्र, आणि दोन्ही प्रती दोन्ही तहसीलदारांना आणि दोन्ही जिल्हा नियंत्रण कक्षांना द्याव्यात. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे निवडून आलेले अध्यक्ष. त्यांच्याकडूनही पाठपुरावा करता येतो. पोच घ्यायला विसरू नका, तारखेच्या शिक्क्यासह.

काठावरची सरपंच
९ जून २०२५

उशिरा लिहिते आहे, पण काय झालं ते सांगायला हवं.

चारही ठराव झाले, एकाच मजकुराचे. दुसऱ्या गावच्या उपसरपंचांना "शक्य असल्यास" घालायचं होतं. त्यांची काळजी खोटी नव्हती: त्यांचंच गाव बुडत असेल तर जनरेटर कसा द्यायचा? म्हणून "स्वतःच्या गावात पाणी शिरलेलं नसल्यास" असं लिहिलं. काका, तुम्ही म्हणालात म्हणून मी त्या एका वाक्यासाठी बाकीच्या तीन गावांत परत गेले.

इंजिनाची बोट यंदा घेतली नाही. त्या पैशात जॅकेट, दोर आणि डोंग्यांची डागडुजी. जॅकेट ढिवर मोहल्ल्यात घरोघरी दिले, सह्या घेऊन. ज्या दोघा भावांनी आम्हाला काढलं होतं त्यातला धाकटा म्हणाला, पाच वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारायला आलं. मला तिथे उभं राहवेना.

जनरेटरच्या खोलीच्या तीन किल्ल्या केल्या. एक त्यांच्या शिपायाकडे, एक आमच्या जलसुरक्षकाकडे (गावचं पाणी पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे), एक चौकातल्या किराणा दुकानात वहीच्या वर खिळ्याला. पुलाच्या खांबावर पट्टे मारले, पिवळा आणि लाल. २०२० चं पाणी कुठवर होतं यावर गावात तासभर वाद झाला, शेवटी शाळेच्या भिंतीवरच्या डागावरून दोर धरून उंची काढली.

माहेरच्या गावची सभा गणपूर्ती झाली नाही म्हणून तहकूब झाली. रोवणीच्या आधी पुन्हा लावतो असं तिथले सरपंच म्हणालेत. भाऊ मागे लागलेला आहे.

ढोरांची जागा समाजमंदिरामागच्या चढावर ठरली. ते तिसऱ्या गावाचं गायरान, त्यांनी विनाअट दिलं. तिथे खुंटे ठोकले, तणसीचा एक ढीग ताडपत्रीखाली रचला. काल सासऱ्यांना दाखवायला गाडीवर घेऊन गेले. ते काही बोलले नाहीत. एकेक खुंटा हलवून पाहत शेवटपर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, चाळीस आहेत, आपल्याच गावची ढोरं साठावर जातात. बाकीचे वीस उद्या ठोकून घेते.